अर्थविचार : भरभराटीचीं शहरें एकाएकीं कां पालटतात?

एकादें गांव वर येतें, एकादें बसतें, ही गोष्ट कोणास नवीन नाहीं. पण हें वर येणें आणि बसणें जितक्या सावकाशीनें व्हावें असें आपणांस वाटतें, तितक्या सावकाशीनें तें होत नाहीं, हें मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत आलेलें असतें. पेठ पन्नास वर्षें जशीच्या तशी दिसते आणि मग पांचदहा वर्षांत तिचा मागमूसहि राहत नाहीं. अशा वेळीं घरांतील मंडळी कोणास तरी बोल लावतात : पुढाऱ्यांस, सरकारास, व्यापाऱ्यांस, नाहीं तर दैवास. दोष कोणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु त्याच्या आधींचा एक प्रश्न आहे. कारण सावकाश वाढत असतां कार्य एकाएकीं कां घडून यावें? ह्या प्रश्नाचें गणित मांडण्याचा यत्न गेल्या पन्नास वर्षांत भूगोलशास्त्रज्ञांनीं आणि अर्थशास्त्रज्ञांनीं केला आहे. त्याची ओळख वाचकांस ह्या महिन्यांत करून देण्याचें योजिलें आहे. विषय गणिताचा असला तरी भिण्याचें कारण नाहीं. स्वयंपाकघरांतील एका रिकाम्या डब्यावर त्याचें मर्म समजून घेतां येतें.

पत्र्याचा रिकामा डबा घ्यावा. त्याचें झांकण किंवा बूड किंचित् बाहेर फुगलेलें असतें. त्याच्या मधोमध अंगठ्यानें हळूं हळूं दाब द्यावा. प्रथम पत्रा जरासा लवतो. दाब वाढवावा, तो आणखी जरासा लवतो. आणि मग एका क्षणीं ‘टक्’ असा आवाज होऊन तो सबंधचा सबंध आंत जातो. आतां अंगठा काढून घ्यावा. कांहीं डब्यांचा पत्रा आपण होऊन पूर्ववत् होतो. कांहींचा होत नाहीं, त्यास आंतून उलट दाब द्यावा लागतो. ह्या क्षुल्लक प्रयोगांत तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, दाब सारखा वाढत असतांहि परिणाम सारखा वाढत नाहीं. तो बराच वेळ थोडा थोडा होतो आणि मग उडी घेतो. दुसरी, ‘टक्’ होण्याच्या वेळचा जो शेवटचा रतिभर दाब, त्यास सर्व घटनेचें कारण समजणें चुकीचें आहे. आधींचा दाब नसता तर त्या रतिभरानें कांहींच झालें नसतें. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची अशी कीं, जाण्याची वाट आणि परतण्याची वाट एक नसते. पत्रा परत येईल कीं नाहीं हें दाबावर नव्हे, तर त्या पत्र्याच्या घडणीवर, त्याच्या आंतील ताणावर अवलंबून असतें.

हाच विचार फ्रेंच गणिती रने तोम ह्यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत शास्त्रीय स्वरूपांत मांडला. तोम ह्यांस १९५८ सालींच गणितांतील ‘फील्ड्‌स’ पदक मिळालें होतें. त्यांच्या उपपत्तीस ‘कॅटॅस्ट्रॉफी’ची उपपत्ति असें नांव पडलें, आपण तिला उत्पाताची उपपत्ति म्हणूं. तिचा आशय असा कीं, एकाद्या व्यवस्थेवर परिणाम करणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतील, तर ती व्यवस्था किती प्रकारांनीं उडी घेऊं शकेल ह्याचेहि मोजकेच नमुने असतात. इंग्लंडांतील वॉरिक विद्यापीठाचे गणिती ख्रिस्तोफर झीमन ह्यांनीं ही कल्पना शेअरबाजारापासून कुत्र्याच्या रागापर्यंत नाना विषयांस लावून दाखविली. शहरें आणि बाजारपेठा ह्यांच्याकडे तिचा मोर्चा वळावा हें ओघानेंच आलें.

त्यापूर्वीं गांवांचें आणि बाजारांचें शास्त्र नव्हतें असें नाहीं. जर्मनींतील जमीनदार फॉन थ्यूनेन ह्यांनीं १८२६ सालींच शहराभोंवतालच्या शेतीचें एक चित्र काढलें होतें. लवकर नासणारें दूध आणि भाजीपाला शहराच्या अगदीं लगत, त्यापलीकडे जळाऊ लांकडाचें रान, त्याहून लांब धान्य, आणि सर्वांत दूर गुरांचीं कुरणें, अशीं एकांत एक कडीं वाहतुकीच्या खर्चामुळें कां पडतात, हें त्यांनीं हिशोबानें दाखविलें. १९३३ सालीं वाल्टर क्रिस्टालर ह्यांनीं दक्षिण जर्मनीचा नकाशा अभ्यासून लहान बाजाराचीं गांवें, मोठ्या पेठा आणि महानगरें ह्यांच्या अंतरांत एक प्रकारची शिस्त असते असें प्रतिपादन केलें. मीठमिरचीचें दुकान गांवोगांव असतें, पण सोनाराची पेढी तालुक्यास आणि मोठें रुग्णालय जिल्ह्यास असतें, हा आपला नित्याचा अनुभव त्याच शिस्तीचा भाग होय. परंतु हीं दोन्हीं चित्रें स्थिर होतीं. सर्व कांहीं जागच्या जागीं कसें बसतें हें त्यांत होतें. बसलेली घडी एकदम विस्कटते कां, हें त्यांत नव्हतें.

ती उणीव भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न ब्रिटन हॅरिस आणि ॲलन विल्सन ह्यांनीं १९७८ सालीं केला. त्यांच्या मांडणींतील गृहीत गोष्टी साध्या आहेत. गिऱ्हाईक दुकानाकडे दोन गोष्टी पाहून जातें : दुकान किती मोठें आणि तें किती लांब. दुकानदार आपलें दुकान उत्पन्न खर्चाहून अधिक असेल तर वाढवितो, कमी असेल तर आटोपतें घेतो. आतां जाण्यायेण्याचा त्रास जसजसा कमी होतो, गाडी येते, रस्ता होतो, तसतसें लांबच्या मोठ्या दुकानाचें आकर्षण वाढत जातें. पण गणित सांगतें कीं, ह्यामुळें जवळचीं लहान दुकानें सारख्या गतीनें रोडावत नाहींत. एका विशिष्ट मर्यादेपर्यंत तीं टिकून राहतात आणि ती मर्यादा ओलांडली कीं त्यांस उभें राहण्यास जागाच उरत नाहीं. नवीन रस्ता झाल्यावर जवळच्या आठवड्याच्या बाजाराला बरकत येईल अशी सर्वांची अपेक्षा असते. कधीं ती खरीहि ठरते. परंतु तोच रस्ता गिऱ्हाइकांस दूरच्या मोठ्या पेठेकडे घेऊन जातो आणि जवळचा बाजार उठतो, असेंहि घडूं शकतें. रस्ता दोन्ही बाजूंनीं चालतो, हें विसरून चालत नाहीं.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन ह्यांनीं १९९१ सालीं हाच विचार कारखान्यांस लावला. त्यांस २००८ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत ह्या कामाचा मोठा वांटा होता. त्यांच्या कल्पनेंतील देशाचे दोन सारखे भाग आहेत. दोहोंकडे शेतकरी आहेत, ते जमीन सोडून जाऊं शकत नाहींत. कामगार मात्र जाऊं शकतात. माल एका भागांतून दुसऱ्या भागांत नेतांना त्याचा कांहीं अंश वाटेंत ‘वितळतो’ असें धरलें आहे. बर्फाची लादी लांब न्यावी तशी. ही वाहतुकीची घट फार असेल तर दोन्ही भागांत आपापले कारखाने राहतात, कारण दुरून माल आणणें परवडत नाहीं. घट कमी होत जाते, तरी बराच काळ कांहींच बदलत नाहीं. मग एक उंबरठा येतो. तो ओलांडल्यावर एका भागांत थोडे अधिक कामगार असले कीं तेथें गिऱ्हाईक अधिक, गिऱ्हाईक अधिक म्हणून कारखाने अधिक, कारखाने अधिक म्हणून कामगार आणखी अधिक, असें चक्र सुरू होतें आणि सर्व उद्योग एकाच भागांत गोळा होतो. दुसरा भाग केवळ शेतीवर राहतो. हे दोन भाग आरंभीं अगदीं सारखे होते, हें लक्षांत घ्यावें. कोणता भाग भाग्यवान् ठरेल हें एकाद्या किरकोळ योगायोगावर ठरतें. पण एकदां ठरलें कीं तें सहजासहजीं फिरत नाहीं. वाहतुकीचा खर्च पुन्हां पहिल्या उंबरठ्याइतका वाढला तरी उद्योग परत विखुरत नाहीं. त्यासाठीं तो खर्च त्याहूनहि पुष्कळ वाढावा लागतो. डब्याचा पत्रा आंतून दाबावा लागतो, तो असा.

एवढी तयारी झाल्यावर आपल्या जवळचें एक उदाहरण पाहूं. मुंबईंत कावसजी दावर ह्यांनीं १८५४ सालीं कापडगिरणीची कंपनी काढली. पुढें लालबाग, परळ, भायखळा, वरळी ह्या भागांत गिरण्या उभ्या राहून सबंध गिरणगांवच वसलें. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर ह्या बाजूंचीं लक्षावधि घरें ह्या गिरण्यांच्या भोंग्यावर चालत. चाळींतील खोली, बायकांनीं चालविलेल्या खाणावळी, गांवीं जाणारी मनीऑर्डर आणि गणपतींत गांवाकडे जाणारी गर्दी, हें सर्व एका व्यवस्थेचे अवयव होते.

ह्या व्यवस्थेवर आघात झालेच नाहींत असें नाहीं. १९२८ सालीं गिरणीकामगारांचा सार्वत्रिक संप सुमारें सहा महिने चालला. उपासमार झाली, कर्जें झालीं. परंतु संप मिटला आणि भोंगे पुन्हां वाजूं लागले. १९७४ सालचा संप बेचाळीस दिवस चालला, आणि त्यानंतरहि गिरण्या सुरू झाल्या. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखालीं जो संप सुरू झाला, त्यांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले. मागण्या पगाराच्या, बोनसच्या, बदली कामगारांच्या, आणि एकाच मान्यताप्राप्त संघटनेस बोलण्याचा अधिकार देणारा १९४६ सालचा कायदा बदलण्याच्या होत्या. त्यांत अभूतपूर्व असें कांहीं नव्हतें. हा संप औपचारिकपणें कधींच मागें घेतला गेला नाहीं. तो विरून गेला, पण त्याबरोबर गिरणगांवहि विरून गेलें. कित्येक गिरण्या पुन्हां उघडल्याच नाहींत. उघडल्या त्यांत पूर्वींइतकीं माणसें घेतलीं गेलीं नाहींत.

आघात एकाच जातीचा असतां १९२८ सालीं पत्रा परत आला आणि १९८२ सालीं कां आला नाहीं? पुढाऱ्यांचा हट्ट, मालकांची निष्ठुरता, सरकारची उदासीनता, ह्या उत्तरांत प्रत्येकीं कांहीं तथ्य आहे. परंतु त्यांनीं सबंध उलगडा होत नाहीं. मधल्या अर्धशतकांत पत्र्याचा ताणच बदलला होता. भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथें यंत्रमाग वाढत गेले होते, आणि तेथें तयार होणारें कापड गिरणीच्या कापडाहून स्वस्त पडत होतें. कृत्रिम धाग्याचें कापड घरोघर आलें होतें. पुष्कळ गिरण्यांतील यंत्रें जुनाट झालीं होतीं, कारण नफा नव्या यंत्रांत घालण्यापेक्षां अन्यत्र घालणें मालकांस सोयीचें वाटत होतें. आणि गिरणीखालची जमीन गिरणीहून महाग होत चालली होती. ह्यांतील कोणतीहि गोष्ट एका रात्रींत झाली नाहीं. प्रत्येक वर्षीं थोडा थोडा दाब वाढत होता. १९२८ सालीं गिरणी बंद ठेवणें मालकास तोट्याचें होतें. १९८२ सालीं कित्येकांस ती चालविणेंच तोट्याचें झालें होतें. संपानें उंबरठा ओलांडला गेला, पण उंबरठ्यापर्यंत व्यवस्था आधींच येऊन ठेपली होती.

पुढची हकीकत परतण्याच्या वाटेची आहे. काम पुन्हां द्या, असें म्हणणारे हात हजारोंनीं होते. पण हात तयार असल्यानें गिरणी सुरू होत नाहीं. १९९१ सालच्या विकास-नियमावलींत गिरण्यांच्या जमिनी कांहीं अटींवर विकण्यास वाट मिळाली. २००१ सालीं त्या नियमांत दुरुस्ती होऊन शहरास व सार्वजनिक घरांस मिळावयाचा जमिनीचा वांटा पुष्कळ कमी झाला, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती कायम केली. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारांत आज झगमगीत बाजारसंकुल आहे. जुन्या गिरणीकामगारांस घरें देण्याच्या सोडती २०१२ पासून निघाल्या. म्हणजे संपानंतर तीस वर्षांनीं. जें राखण्यास एके काळीं थोडीशी दूरदृष्टि पुरली असती, त्याची अर्धीमुर्धी भरपाई करण्यास एक पिढी खर्चीं पडली.

ही उपपत्ति केवळ झालेल्या गोष्टीस मागाहून चिकटविलेली नाहीं ना, अशी शंका चिकित्सक वाचकांस येईल, आणि ती यावी हेंच योग्य. म्हणून परदेशांतील दोन उदाहरणें एकमेकांशेजारीं ठेवून पाहूं. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर अणुबाँब पडला. शहर भाजून निघालें. तरीहि पुढील तीसएक वर्षांत त्याची लोकसंख्या, युद्ध झालेंच नसतें तर जितकी वाढली असती, त्या पातळीच्या आसपास येऊन पोंचली, असें डेव्हिस आणि वाइनस्टाइन ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं २००२ सालीं दाखवून दिलें. मनुष्यहानीचें मोल आंकड्यांत होत नाहीं. पण शहर ह्या नात्यानें हिरोशिमा आपल्या जागीं परत आलें. आतां जर्मनी पाहा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं त्या देशांतील विमानवाहतुकीचें मुख्य ठाणें बर्लिन होतें. देशाची फाळणी झाली, बर्लिन एकाकी पडलें आणि तें ठाणें फ्रँकफर्ट येथें गेलें. १९९० सालीं जर्मनी पुन्हां एक झाला. पुढें राजधानीचा कारभारहि बर्लिनला आला. पण विमानांचें ठाणें फ्रँकफर्टलाच राहिलें. रेडिंग, स्टुर्म आणि वोल्फ ह्यांनीं २०११ सालीं ह्याच गोष्टीचा बारकाईनें अभ्यास प्रसिद्ध केला.

बाँबनें उध्वस्त झालेलें शहर परत आलें, आणि नकाशावरच्या एका रेषेनें नेलेलें ठाणें ती रेषा पुसल्यावरहि परतलें नाहीं! हिरोशिमावर दाब प्रचंड होता, पण त्या जागेचे आधार, म्हणजे नदीमुख, बंदर, रस्ते आणि माणसांचे परस्परसंबंध, पूर्णपणें नाहींसे झाले नव्हते; दाब जातांच पत्रा वर आला. बर्लिनच्या बाबतींत पंचेचाळीस वर्षांत फ्रँकफर्टला धावपट्ट्या, कंपन्या, जोडविमानांचीं वेळापत्रकें आणि व्यापाऱ्यांच्या संवयी ह्यांचें जाळें विणलें गेलें होतें. एका जागीं दोन स्थिति संभवत होत्या. दुसऱ्या जागीं व्यवस्था बसली ती बसलीच.

शास्त्राच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. उत्पाताच्या उपपत्तीचा १९७० नंतर इतका गाजावाजा झाला कीं, १९७७ सालीं झाह्लर आणि सुसमन ह्या गणित्यांनीं तिच्या सैल उपयोगावर कडक टीका केली. माणसांच्या व्यवहारांत कोणती गोष्ट ‘दाब’ आणि कोणती ‘ताण’ हें ठरविणें पुष्कळदां अभ्यासकाच्या मर्जीवर राहतें, हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. शिवाय ही गणितें उडीचा दिवस सांगत नाहींत. कडा कोणत्या बाजूस आहे तें सांगतात. पाऊल केव्हां घसरेल तें सांगत नाहींत. फार तर एक खूण सांगतां येते. तळीं, कुरणें वगैरे निसर्गव्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्यांस असें आढळून आलें आहे कीं, उंबरठा जवळ आला म्हणजे लहानशा धक्क्यांतून सावरण्यासहि व्यवस्थेला अधिकाधिक वेळ लागूं लागतो. शेफर आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २००९ सालीं ह्या लक्षणाचा साकल्यानें विचार मांडला. अर्थव्यवहारांत हें लक्षण तितकेंच खात्रीचें आहे असें म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये. परंतु वैद्य नाडी पाहतो त्याप्रमाणें तें पाहून ठेवण्यास हरकत नाहीं.

ह्या सर्वांचा आपल्या घराशीं संबंध काय, तें सांगून हें टिपण संपवूं. आपल्या एकत्र कुटुंबांत घर कोठें बांधावें, मुलानें कोणत्या धंद्यांत शिरावें, साठविलेला पैसा कोठें गुंतवावा, हे निर्णय बहुधा ‘आजवर असेंच चालत आलें आहे’ ह्या आधारावर होतात. आजवर चालत आलें, एवढ्यावरून उद्यां चालेल असें अनुमान निघत नाहीं, हें डब्याच्या पत्र्यानें शिकविलें. म्हणून आपलें शहर किती मोठें आहे हें पाहण्याबरोबर तें किती आधारांवर उभें आहे हेंहि पाहावें. ज्या गांवाचें सर्व पोट एकाच कारखान्यावर किंवा एकाच पिकावर आहे, त्या गांवांत राहतें घर, नोकरी आणि शिल्लक हीं तिन्हीं एकाच वेळीं ठेवणें म्हणजे एकाच खुंटीला सर्व कपडे टांगण्यासारखें आहे. मागचें मंदीचें वर्ष किती महिन्यांत भरून निघालें आणि त्याआधींचें किती महिन्यांत, ह्याची घरांतील कर्त्या माणसांनीं आठवण ठेवावी. भाऊ भाऊ निरनिराळ्या ठिकाणीं, निरनिराळ्या उद्योगांत असूनहि एकमेकांस धरून राहिले, तर तेंच कुटुंबाचें खरें संरक्षण होय. गिरणगांव बसलें तेव्हां ज्यांच्या मागें गांवाकडची शेती आणि भावकी उभी होती, त्यांस निदान परतण्यास जागा होती. ज्यांच्या मागें तें नव्हतें त्यांचे हाल विचारूं नयेत.

पण केवळ आपल्यापुरती सावधगिरी बाळगून सुशिक्षितांचें कर्तव्य संपत नाहीं. उंबरठ्याच्या अलीकडे असतांना व्यवस्थेस दिलेला थोडासा टेका पुरतो. पलीकडे गेल्यावर दहापट खर्च करूनहि ती परत येत नाहीं. नवीं यंत्रें, कामगारांस दुसरें कौशल्य शिकविण्याची सोय, जमिनीच्या उपयोगाचे न्याय्य नियम, ह्या गोष्टी जेव्हां कोणासच निकडीच्या वाटत नाहींत, नेमक्या तेव्हांच त्या करावयाच्या असतात. नगरपालिकेंत, संस्थांत आणि कचेऱ्यांत आपल्या वाचकांपैकीं अनेकांचा शब्द चालतो. सर्व कांहीं सुरळीत दिसत असतांनाच तो शब्द त्यांनीं खर्चावा. पेठ गजबजलेली आहे, भोंगा वेळेवर वाजतो आहे, मनीऑर्डर दर महिन्यास येते आहे, एवढ्यावरून पत्र्यावर दाब नाहीं असें कोणीं समजूं नये.